टवका उडवण्याची कला

केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला लोमेक्वीचा रखरखीत मुलूख आहे. २०११ साली सोनिया हारमंड आणि त्यांचे सहकारी वाट चुकून तिथल्या एका टेकाडाकडे वळले आणि त्यांना मुद्दाम फोडलेले दगड सापडले. वय ३३ लाख वर्षे! आपल्या ‘होमो’ प्रजातीचा सर्वांत जुना जीवाश्म साधारण २८ लाख वर्षांचा आहे. काही संशोधकांना लोमेक्वीचा काळ मान्य नाही. पण तो खरा असेल, तर हा धंदा माणसाच्याही आधीचा ठरतो.

इथली पद्धत धसमुसळी होती. पंधरा किलोपर्यंतचे धोंडे, आणि दगड दगडावर आपटून फोडायचा. इथिओपियातल्या गोनाचे २६ लाख वर्षांपूर्वीचे कारागीर मात्र वेगळेच. एका हातात नदीतला गोटा, दुसऱ्या हातात ठोकायचा दगड. खरी मेख कोनात आहे. गोट्याची कड नव्वद अंशांपेक्षा कमी कोनाची हवी आणि घाव त्या कडेच्या अगदी जवळ बसायला हवा. आत बसला तर दगड नुसता दणकतो, फार बाहेर बसला तर कडेचा चुरा होतो. नेमका बसला की पातळ, धारदार टवका सुटतो. जनावराचे कातडे फाडायला तो पुरेसा असतो.

अभ्यासकांची नजर बराच काळ उरलेल्या गोट्यावरच होती. तेच हत्यार, टवके म्हणजे कचरा, असे मानले जाई. निकोलस टोथ यांनी स्वतः दगड फोडून पाहिले आणि टवकाच बहुधा हवा असायचा, असे दाखवले. पुढे कान्झी नावाच्या बोनोबो वानराला हे शिकवण्यात आले. दोरी कापून खाऊ मिळवायला तो टवके काढू लागला, पण कित्येकदा दगड सरळ फरशीवर फेकून! हुशारी होतीच, पण गोनाच्या कारागिरांची सफाई त्याला साधली नाही. माझ्या मते, फरक अकलेइतकाच मनगटाचा आणि अंगठ्याचाही आहे.

गोनातली हत्यारे १९७०च्या दशकात सर्वप्रथम नोंदवणाऱ्यांत गुद्रुन कोर्विनस होत्या. त्याआधी त्यांनी नेवाशाजवळ, प्रवरेकाठच्या चिरकी इथे उत्खनन केले होते. तिथल्या हातकुऱ्हाडी गोनाहून पुष्कळ अलीकडच्या, पण दगड फोडण्याचा नियम तोच.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात अश्मयुगीन हत्यारे पाहायला मिळतात. गेलात तर टोकापेक्षा टवके निघालेल्या खोलगट खुणा पाहा. कारागिराचा एकेक घाव त्यांत मोजता येतो.