चार सेकंद थांबण्याचे शिक्षण

डमी लाँचरमधून सुटलेली कापडी गुंडाळी ऐंशी मीटरवर जाऊन पडायची असेल, तर ती साधारण चार सेकंद हवेत राहते. बार उडालेला असतो, डोळ्यांसमोरून काहीतरी उडत चाललेले असते, कुत्र्याचे सारे अंग धावायला आतुर झालेले असते. नेमके तेव्हाच त्याने जागचे हलायचे नसते. वस्तू कुठे पडली ते लक्षात ठेवायचे, हुकमाची वाट पाहायची, मग धावत जाऊन ती उचलायची आणि दाताचा ओरखडाही न उमटवता मालकाच्या हातात आणून द्यायची. हे सारे ज्याला जमते तो शिकलेला ‘रिट्रीव्हर’.

यंत्र साधे आहे. मुठीला जोडलेल्या पोलादी नळीवर मध्ये पोकळ असलेली ही गुंडाळी, म्हणजेच डमी, चढवतात. आत पॉइंट टू-टूचे बिनगोळीचे काडतूस असते. खटका ओढला की काडतुसातल्या दारूचा वायू डमीला पुढे ढकलतो. हवेचा अडथळा धरला नाही, तर ऐंशी मीटरसाठी डमी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने सुटायला हवी. प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच. हाताने इतक्या लांब फेकणे अवघड, शिवाय हातफेकीला बंदुकीचा आवाज नसतो. ब्रिटन-अमेरिकेतल्या शिकारी कुत्र्यांच्या प्रशिक्षणात आवाज आणि अंतर या दोन्ही गोष्टी एकदम लागतात, म्हणून हे यंत्र तिथे रुळले.

नंदुरबार जिल्ह्यात या यंत्राला त्याच्या मूळ कामासाठी जागा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि पुढे शिकारीचे दिवस संपले. सातपुड्याच्या पाड्यांवरचा गावठी कुत्रा आज राखणीचे काम करतो. घर, शेळ्या आणि शेत सांभाळतो. मात्र लाँचर ज्या ओढीवर चालतो, ती ‘धावून आणून देण्याची’ ओढ याच जिल्ह्यात वेगळ्या कामाला येते.

आधी ती ओढ येते कुठून ते पाहू. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी कुत्र्यांचे वर्तन शिकारीच्या साखळीत मांडले: रोखून पाहणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे, फाडणे, खाणे. लांडग्यात ही साखळी पूर्ण असते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वेगवेगळ्या जातींत तिच्या वेगवेगळ्या कड्या बळकट केल्या, काही ढिल्या केल्या. मराठवाड्यातला कारवान किंवा कर्नाटकातला मुधोळ हाउंड नजरेने सावज टिपतो आणि वाऱ्यासारखा पाठलाग करतो. मात्र पकडलेले आणून देण्यात त्याला फारसा रस नसतो. रिट्रीव्हरमध्ये पाठलाग आणि पकड शाबूत राहिली, मारण्याची कडी मात्र ढिली पडली. म्हणून त्याचा जबडा ‘मऊ’.

लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांसोबत राबत. जाळ्यातून, गळातून निसटलेले मासे बर्फगार पाण्यातून आणून देणे हे त्यांचे काम. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश उमरावांनी ते कुत्रे नेले, जोपासले आणि १९०३ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. ओढीचे मूळ मात्र याहून खूप जुने असावे. स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या तेरा लांडगापिल्लांपुढे चेंडू फेकला. कुणीही शिकवले नसताना त्यातल्या तिघांनी तो अनोळखी माणसाला परत आणून दिला.

आणण्याची हौस उपजत असते, थांबणे मात्र शिकवावे लागते. अनुभवी प्रशिक्षक फेकलेल्या डमींपैकी बऱ्याचशा स्वतः चालत जाऊन उचलतात. पडलेली प्रत्येक वस्तू आपली नाही, हे कुत्र्याला तेव्हा उमगते. पुढे दोन डमी दोन दिशांना पाडून त्याची स्मरणशक्ती ताणली जाते. त्यानंतर कुत्र्याने न पाहिलेली डमी शिट्टी आणि हाताच्या खुणांवर शोधायला लावतात.

आवाजाचा धडा सर्वांत नाजूक. माणसाला सुमारे वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. कोवळ्या वयात कानाजवळ एकच बार उडाला, तरी आयुष्यभराची भीती बसू शकते. म्हणून पहिला आवाज लांबून, तोही पिल्लू खाण्यात किंवा खेळण्यात गुंतलेले असताना. मग दिवसेंदिवस अंतर कमी करत आणायचे. सारंगखेड्याच्या यात्रेत विकत घेतलेला घोडा वरातीच्या ढोल-ताशाला एका दिवसात सरावत नाही, तसेच हे.

रंगाचीही एक गंमत आहे. बाजारात नारिंगी डमी सर्रास मिळतात. हिरव्या गवतात त्या माणसाला चटकन दिसतात, कुत्र्याला नाही. त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात; निळा आणि पिवळा त्याला कळतो, लाल-हिरव्यातला फरक जवळपास कळत नाही. हवेतली डमी पाहायला शिकवायचे असेल तर काळी-पांढरी वापरतात. नारिंगी डमी गवतात पडली की कुत्र्याला नाक वापरावेच लागते, आणि तिथे तो माणसाच्या फार पुढे आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी काही दशलक्ष, कुत्र्याच्या नाकात कोट्यवधी.

नाक आणि खेळ यांची ही जोडी पोलीस आणि वन विभागाची श्वान पथके वापरतात. गुजरात आणि मध्य प्रदेशच्या सीमांना भिडलेल्या नंदुरबार जिल्ह्यात या पथकांना काम कमी नाही. सातपुड्याच्या दुर्गम भागातली गांजाची चोरटी शेती, शहादा-तळोद्याच्या उसातले बिबटे, महाराष्ट्राबाहेर जाणारे रस्ते आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग हे सारे इथेच आहे. ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २००८ साली भारतात वन्यजीव गुन्हे शोधणाऱ्या कुत्र्यांचा कार्यक्रम सुरू केला. भोपाळच्या केंद्रात त्यांना वाघ-बिबट्याची कातडी आणि हाडे हुंगून काढायला शिकवले गेले. सीमा सुरक्षा दलाचे टेकनपूरचे श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून चालू आहे.

शिकवण्याची रीत साऱ्यांची जवळपास सारखीच. आधी कुत्र्याला चेंडूचे वेड लावायचे. मग ठरावीक वास सापडला की चेंडू मिळतो, ही सांगड घालायची. कुत्रा गांजा किंवा कातडी शोधत नसतो, तो आपला खेळ शोधत असतो. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला तर सापडलेल्या वस्तूला तोंड लावण्याचीही मुभा नाही. वास येताच त्याने शांत बसायचे. लाँचरसमोर थांबणाऱ्या कुत्र्याकडून हाच संयम अपेक्षित असतो, फक्त स्फोटकांपुढे चूक झाली तर जिवावर बेतते. पुण्याच्या सीआयडी केंद्रात तयार झालेल्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने १९९३ च्या साखळी स्फोटांनंतर मुंबई पोलिसांना मोठा स्फोटकसाठा शोधून दिला. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

आता नंदुरबार-शहाद्यातही बंगल्याच्या फाटकाआड, फ्लॅटच्या गॅलरीत लॅब्रॅडॉर दिसतो. बरेचदा तो अंगाने सुटलेला असतो. त्यात दोष सगळा मालकाचा नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले, की सुमारे दर चार लॅब्रॅडॉरपैकी एकात ‘पॉम्क’ जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे भूक वाढते. अशा कुत्र्याला नुसते फिरवणे पुरत नाही, त्याला काम लागते.

त्यासाठी लाँचर मागवू नये. बिनगोळीचे काडतूसही स्फोटकच. परवान्याचे प्रश्न आहेत आणि कानांना, डोळ्यांना धोकाही. एक टेनिस चेंडू आणि मोकळे मैदान पुरते. चेंडू फेका, कुत्र्याला बसवून ठेवा, चेंडू पडल्यावरच त्याला सोडा. पाच-सात फेकी पुरेत, त्यातल्या दोन-तीन वेळा चेंडू स्वतः उचला. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या वर जातो, तेव्हा हा खेळ सूर्य वर येण्याआधीच उरका आणि जवळ पाणी ठेवा. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो. त्याच्या अंगाचे तापमान एक्केचाळीस अंशांच्या पुढे गेले, तर वेळ न दवडता पशुवैद्यकाकडे न्यावे. आणि दिवाळीत ‘सवय लागू दे’ म्हणून त्याच्या शेजारी फटाका कधीही लावू नये.