सरकारने अंग काढून घ्यावे काय?

सरकारने आपला पसारा आवरावा, लोकांच्या व्यवहारात हात घालू नये, असा सूर १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणापासून सतत कानावर येतो. हा विचार आपल्या हिताचा की अहिताचा, हे कष्टकरी समाजाने स्वतःच्या चुलीकडे पाहून ठरवले पाहिजे.

खानदेशातलाच दाखला घेऊ. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस व्यापाऱ्याला न विकता या योजनेतच घालायचा. ठरलेल्या भावामुळे जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला आधार मिळाला. पण केंद्रांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, प्रतवारीवरून भांडणे झाली, चुकारे रखडले आणि योजनेचा तोटा वाढला. बाहेर भाव चढला की कापूस चोरून परराज्यात जाई. २००२ पासून खासगी व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली. आज खेडा खरेदीत पैसा लवकर हाती येतो, हे कबूल केले पाहिजे. मात्र भाव हमीभावाखाली कोसळला की सीसीआयचे केंद्र उघडा म्हणून सरकारचेच दार ठोठवावे लागते. आणि शेतकऱ्याचा हात आखडला की किलोमागे मजुरी घेणाऱ्या वेचणीच्या आयाबहिणींचे पैसे आधी अडतात.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. फाईल कुठे अडते आणि का अडते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. जातीच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून चार खेपा घालणाऱ्याला सरकार जाच वाटले, तर त्याचा दोष नाही. निरर्थक परवाने, नको ते कागद जरूर कमी व्हावेत. पण कागद कमी करणे वेगळे आणि शाळा, दवाखाना, रेशन यांतून अंग काढून घेणे वेगळे.

नोकरीचेही तसेच. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. गदारोळ झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. खासगी नोकरीत आरक्षणाचे बंधन नाही. ठेकेदाराची बिंदुनामावली कोण तपासणार?

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात याचा मुळापासून विचार केला. सरकार बाजूला झाले म्हणजे सर्वांना स्वातंत्र्य मिळते, हे त्यांना मान्य नव्हते. त्या स्वातंत्र्यात जमीनदार खंड वाढवतो, मालक मजुरी कापतो, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणून प्रमुख उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या हाती असावी, पण हुकूमशाही नको, संसदीय लोकशाही हवी, अशी त्यांची मांडणी होती.

तेव्हा सरकार असावेच, पण त्याच्यावर आपला पहारा असावा. २००५ चा माहिती अधिकार आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आपल्या हाती आहेत. प्रत्येक वस्तीतल्या दोन शिकलेल्या मुलामुलींनी हे अर्ज लिहायला शिकावे. ग्रामसभेत रेशनचा साठा आणि शाळेतील शिक्षकांची रिक्त पदे विचारावीत. बायांनी तर आधी विचारावे, कारण घरातला डबा रिकामा झाल्याचे त्यांनाच पहिल्यांदा कळते.