संदेशांची मर्यादा आणि ‘म्हणे’चा लोप

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस, तेथील ग्रामस्थांनी सभेत असा निर्णय घेतला की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजताच घरोघरचे दूरचित्रवाणीसंच व मोबाईल बंद करावेत आणि साडेआठपर्यंत ते बंदच ठेवावेत. करोनाच्या काळात मुलांचे वर्ग मोबाईलवर भरले. शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटला नाही, हे या निर्णयाचे निमित्त होय. प्रारंभी या कल्पनेची थट्टाही झाली. पुढे आशा सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन ती लोकांच्या गळी उतरविली. हा प्रयोग सामाजिक खराच. परंतु भाषाव्यवहाराच्या अभ्यासकानेही त्याचा विचार करावा, अशी काही वैशिष्ट्ये त्यात आहेत.

माहितीच्या अतिरेकाचा प्रश्न मुळात अवधानाचा आहे. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहिती ही ग्रहण करणाऱ्याचे अवधान खर्च करीत असते. म्हणून जेथे माहिती विपुल, तेथे अवधानाचे दुर्भिक्ष अटळ होय. तथापि समाजमाध्यमांवरून येणारे सर्वच संदेश माहिती देण्यासाठी आलेले नसतात. मर्यादा घालावयाची तर ती कोणत्या संदेशाला व कशा प्रकारची, हे आधी ठरविले पाहिजे.

संदेशांचा पहिला वर्ग केवळ संपर्क राखण्यासाठी असतो. मालिनोवस्कीने १९२३ मध्ये अशा बोलण्याकडे लक्ष वेधले आणि रोमान याकबसनने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यास भाषेच्या सहा कार्यांपैकी एक मानले. ‘काय, जेवण झालं का?’ या प्रश्नात जेवणाची चौकशी गौण असते. माणसाची दखल घेणे हा त्याचा खरा हेतू. सकाळी येणारी फुलांची चित्रे व शुभेच्छा या त्याच जातीच्या होत. अशा व्यवहारात मौन हेही अर्थपूर्ण ठरते. उत्तर न देणारा माणूस रागावला आहे, असे मानले जाते. म्हणूनच एकट्याने घातलेली मर्यादा मोडून पडते. वडगावच्या भोंग्याचे महत्त्व येथे कळते. त्याने मौनाचा अर्थच बदलला. सातनंतर उत्तर न येणे हा उपेक्षेचा भाग न राहता सर्वमान्य संकेताचा भाग झाला. कापडगिरण्यांचा भोंगा पूर्वी कामगारांना कामाची वेळ सांगत असे. येथे तोच ध्वनी विरामाचे चिन्ह बनला. चिन्हाचा अर्थ समाजाच्या संमतीने ठरतो, या सिद्धान्ताचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच मिळेल.

दुसरा वर्ग खरोखरीच माहिती देणाऱ्या संदेशांचा. यांची हानी त्यांच्या आशयापेक्षा त्यांच्या अवेळी येण्याने होते. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, अपुरे राहिलेले काम सोडून मनुष्य दुसऱ्या कामाकडे वळला की त्याच्या अवधानाचा काही अंश पहिल्यातच गुंतून राहतो आणि दुसरे काम निकृष्ट होते. प्रबंधाचे प्रकरण लिहिता लिहिता दहा वेळा संदेश पाहणारा विद्यार्थी दहा मिनिटेच गमावतो असे नव्हे; परतल्यावरही तो पूर्णपणे परतलेला नसतो. या वर्गासाठी दिवसातील एक-दोन ठराविक वेळा नेमणे, हीच उचित मर्यादा होय.

तिसरा वर्ग सर्वांत घातक. तो रूपाने माहितीचा, पण परिणामाने चिथावणीचा असतो. मराठीत ऐकीव गोष्ट सांगताना बोलणारा ‘म्हणे’ हे अव्यय सहज जोडतो. ‘पूल वाहून गेला’ आणि ‘पूल वाहून गेला म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे; फरक वक्त्याच्या जबाबदारीत आहे. दुसऱ्या वाक्यात तो श्रोत्याला सावध करतो की, हे त्याने स्वतः पाहिलेले नाही. जसाच्या तसा पुढे धाडलेला संदेश मात्र हे ‘म्हणे’ गाळून जातो. दहाव्या माणसाकडे पोहोचतानाही त्याची भाषा प्रत्यक्षदर्शीचीच राहते, आणि विश्वास बसतो तो ओळखीच्या प्रेषकावर.

या लोपाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवांनी भडकलेल्या जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल, असे बंधन घातले. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती संख्या एकवर आली. ही खूण म्हणजे यंत्राने जोडलेले ‘म्हणे’च होय. परंतु यांत्रिक खूण डोळ्यांना सवयीची होते; वक्त्याने स्वतः उच्चारलेल्या ‘म्हणे’तील विवेक तिच्यात नसतो.

व्यक्ती स्वतःस मर्यादा घालीत नाही तेव्हा ती बाहेरून येते. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात समाजमाध्यमांवरील काही मजकुरावरून तणाव उसळून हिंसाचार झाला, आणि इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. अशा बंदीत अफवेबरोबर विद्यार्थ्याचा अर्ज आणि व्यापाऱ्याची देवघेवही थांबते. सर्वांना एकाच मापाने मोजणे हा बाह्य नियंत्रणाचा स्वभावच आहे. तारतम्य स्वनियमनातच संभवते.

सारांश, संपर्काच्या संदेशांसाठी परस्परसंमतीने ठरलेला विराम, माहितीच्या संदेशांसाठी नेमलेली वेळ, आणि पुढे धाडावयाच्या संदेशांसाठी ‘म्हणे’ची कसोटी, अशा या तीन मर्यादा होत. जे वाक्य तोंडाने सांगताना ‘म्हणे’ जोडावे लागेल, ते त्याशिवाय पुढे धाडू नये. बोलभाषेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही सावधगिरी लिखित संदेशात उतरविणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे तरी निश्चितच कर्तव्य ठरते.