महिला गटाची रेषा कोण आखते?

महिलांच्या शर्यतीत कोण धावू शकते, या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्सने गेल्या साठ वर्षांत वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना डॉक्टरांच्या पथकासमोर विवस्त्र उभे राहावे लागले. त्यावर टीका झाली आणि तपासणी गुणसूत्रांकडे वळली. १९६८च्या ऑलिंपिकपासून गालाच्या आतल्या पेशी तपासून स्त्री असल्याचा दाखला दिला जाऊ लागला.

पण शरीराचे लिंग एकाच खुणेवर ठरत नाही. गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके आणि बाह्य अवयव यांचा मेळ बहुतेकांत बसतो, काहींत बसत नाही. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो स्त्री म्हणून जन्मली आणि वाढली. १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथे तिच्या पेशींत एक्सवाय गुणसूत्रे आढळली. तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा परिणामच होत नव्हता, तरीही तिची पात्रता, शिष्यवृत्ती आणि विक्रम गेले. तिने दाद मागितली आणि १९८८ मध्ये पात्रता परत मिळवली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ मध्ये सरसकट चाचणी थांबवली.

त्यानंतर चाचणी संशयावर होऊ लागली, आणि इथे लिंगभावाचा प्रश्न येतो. बाईचा आवाज कसा असावा, तिचे खांदे किती रुंद असावेत, तिने कसे दिसावे, या अपेक्षा समाजाने घडवलेल्या असतात. त्यांत न बसणाऱ्या खेळाडूकडे बोट दाखवले जाते. तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचे २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेतील ८०० मीटरचे रौप्यपदक काढून घेतले गेले. २००९ मध्ये विश्वविजेती ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याच्या शरीराची जगभर जाहीर चर्चा झाली.

२०११ मध्ये निकष टेस्टोस्टेरॉनचा झाला : रक्तात प्रतिलिटर १० नॅनोमोलपेक्षा कमी. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये या नियमामुळे राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळण्यात आले. तिने आव्हान दिले आणि २०१५ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने नियम स्थगित केला. २०१८ मध्ये ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींसाठी मर्यादा ५ झाली, २०२३ मध्ये सर्व प्रकारांसाठी २.५. २०२५ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने पुन्हा जनुकीय चाचणी आणली.

लैंगिकता ही आणखी वेगळी बाब. आपले एका स्त्रीवर प्रेम असल्याचे द्युतीने २०१९ मध्ये जाहीर केले. तिच्या संप्रेरकांवरून तिचे प्रेम कोणावर जडेल हे सांगता येत नाही आणि प्रेमावरून तिचे लिंगही ठरत नाही. तरीही शरीर, वागणे आणि आकर्षण ही तिन्ही एकाच साच्यातून निघावीत, असा समाजाचा आग्रह असतो.

लिंगभावाला समाज घडवतो, याचा अर्थ शरीर खोटे आहे असा नव्हे. अव्वल स्त्री-पुरुष धावपटूंच्या वेळांत सुमारे दहा टक्क्यांचे अंतर असते. म्हणूनच महिलांचा स्वतंत्र गट आवश्यक आहे. मात्र निसर्गात वैविध्य आहे आणि रेषा माणसे आखतात, कधी अवयवांवर, कधी गुणसूत्रांवर, कधी संप्रेरकांवर. माणसांनी आखलेल्या रेषेचे कारण माणसांनीच द्यायला हवे, आणि त्या रेषेवर उभ्या असलेल्या खेळाडूची प्रतिष्ठा व खासगीपण जपण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे.