मॅथेमॅटिकाकडून मॅक्झिमाकडे
बैजिक राशी, समीकरणे आणि कलनशास्त्राची गणिते अक्षरांसकट सोडवणारे मॅथेमॅटिका हे सॉफ्टवेअर १९८८ साली आले. ते विकत घ्यावे लागते. तेच काम करणारी मॅक्झिमा मोफत आहे आणि वंशाने जुनीही: तिचे मूळ अमेरिकेतील एमआयटीत १९६८ साली सुरू झालेल्या प्रकल्पात आहे.

स्थलांतरात आधी टोचतात ती चिन्हे. मॅथेमॅटिकात बरोबरचे एक चिन्ह चलाला किंमत देते, समीकरणाला दोन लागतात. मॅक्झिमात किंमत कोलनने द्यायची, समीकरणाला एकच चिन्ह पुरते. पाय आणि ई या स्थिरांकांआधी टक्क्याचे चिन्ह हवे. ते विसरले तर ई निव्वळ अक्षर ठरते, आणि तक्रार कुणीच करत नाही.

हे सवयीने जमते. खरी मेख गृहीतकांत आहे. ‘क्ष’च्या वर्गाचे वर्गमूळ मॅक्झिमा ‘क्ष’चे केवलमूल्य म्हणून देते, कारण ती क्ष वास्तव मानते. मॅथेमॅटिका तो संमिश्रही असू शकेल म्हणून हात लावत नाही. इंटिग्रेशनमध्ये अडले, तर अमुक अक्षर धन, ऋण की शून्य, असे मॅक्झिमा सरळ विचारते. मॅथेमॅटिका बहुधा उत्तरालाच अट जोडते.

जुने काम हलवताना चलांना काही किंमती देऊन दोन्हीकडची उत्तरे ताडून पाहावीत.