वर्गापासून विद्यापीठापर्यंत : पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजची वाटचाल

मुळा आणि मुठा या दोन नद्या पुण्यांत जेथें एकमेकींस मिळतात, तेथून जवळच शिवाजीनगरच्या बाजूस एक जुनी दगडी इमारत उभी आहे. पुणेकरांस ती इंजिनियरिंग कॉलेज या नांवानें परिचित आहे; तथापि या संस्थेनें आजवर एकच नांव धारण केलेलें नाहीं. ती प्रथम एक वर्ग होती, पुढें सिव्हिल इंजिनियरिंग कॉलेज झाली, मग विज्ञानाचें कॉलेज, मग इंजिनियरिंग कॉलेज, आणि २०२२ सालापासून ती स्वतंत्र विद्यापीठ आहे. नांवांचे हे पालट केवळ पाटी रंगविण्यापुरते नव्हते. प्रत्येक पालटाबरोबर एका प्रश्नाचें उत्तर थोडेंथोडें बदलत गेलें. तो प्रश्न असा: स्थापत्य व यंत्रें यांची विद्या शिकलेल्या माणसानें दुसऱ्याच्या हुकुमाची अंमलबजावणी करावी, कीं स्वतः योजना आंखावी? आणि त्याच्या विद्येची पारख कोणीं करावी?

आरंभ पाहावयाचा तर १८५४ सालाकडे वळावें लागतें. आदल्या वर्षीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, मुंबई आणि ठाणें यांच्यामध्यें आगगाडी धांवली होती, व लोहमार्ग सह्याद्रि चढून पुण्याकडे आणण्याचे बेत चालले होते. रस्ते, पूल, कालवे आणि सरकारी इमारती यांचींहि कामें वाढत होतीं. विलायतेहून आलेले इंजिनियर थोडे आणि त्यांचा पगार मोठा. नकाशा त्यांनीं काढला, तरी माळरानावर जाऊन पातळी घेणारा, खणलेल्या मातीची मोजणी करणारा, गवंड्यांच्या कामावर नजर ठेवणारा आणि दिवसाचा हिशेब लिहून ठेवणारा मनुष्य जागचाच हवा होता. अशीं माणसें तयार करण्यासाठीं जुलै १८५४ मध्यें पुण्यांत 'पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नांवाची शाळा सुरू झाली. सार्वजनिक बांधकामांकरितां दुय्यम अधिकारी शिकवून काढणें हा तिचा उघड हेतु होता. यांतील 'दुय्यम' हा शब्द ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

हा उद्योग अगदीं पहिलाच होता असें नव्हे. गंगेच्या कालव्याच्या कामास माणसें लागतात म्हणून रुरकी येथें १८४७ सालीं असें कॉलेज निघालें होतें. त्याहिपूर्वीं, १८२० नंतरच्या वर्षांत, मुंबईस कॅप्टन जॉर्ज जार्व्हिस यांनीं इंजिनियरिंगचें शिक्षण मराठी व गुजराथी या भाषांतून देण्याचा उपक्रम केला होता आणि त्यासाठीं गणिताचीं पुस्तकें मराठींत करविलीं होतीं. तो उपक्रम फार काळ टिकला नाहीं. पुण्याच्या शाळेच्या वेळेपर्यंत वरिष्ठ शिक्षणाची भाषा इंग्रजी असावी, हें धोरण पक्कें होत चाललें होतें.

योगायोग असा कीं, जुलै १८५४ मध्येंच सर चार्लस वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला. त्याचें फळ म्हणून १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, आणि १८६६ सालीं पुण्याचें कॉलेज त्या विद्यापीठास जोडलें गेलें. दरम्यान १८६५ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते नव्या इमारतीचा पाया घातला गेला होता. या कार्यास सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीं मोठी देणगी दिली.

'जोडलें गेलें' म्हणजे काय, हें येथें थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे. मुंबईचें विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर उभारलेलें होतें. तें स्वतः शिकवीत नसे. अभ्यासक्रम नेमणें, परीक्षा घेणें आणि पदवी देणें एवढेंच त्याचें काम. शिकविण्याचा भार कॉलेजांवर. म्हणजे पुण्यांतील अध्यापकानें वर्षभर शिकवावें आणि त्याच्या विद्यार्थ्यास काय विचारावें हें मुंबईच्या मंडळानें ठरवावें, अशी ही विभागणी होती. तिचा लाभ निःसंशय झाला: शाळेच्या दाखल्याला जें वजन नव्हतें, तें विद्यापीठाच्या प्रमाणपत्रास आलें. परंतु त्या प्रमाणपत्राचें नांव पाहण्यासारखें आहे. काव्य व तर्क शिकणारा विद्यार्थी 'बॅचलर' होई. पूल बांधण्यास शिकणारा मात्र 'लायसेन्शिएट', म्हणजे परवानाधारक होई. एल. सी. ई. या तीन अक्षरांचा अर्थ हाच होता.

बांधकाम खात्यांतील वरच्या जागांसाठीं तर सरकारनें विलायतेंत कूपर्स हिल येथें निराळें कॉलेज काढलें. तें १८७२ पासून १९०६ पर्यंत चाललें, आणि तेथून निघालेले तरुण थेट वरिष्ठ पदांवर येत. हिंदी कॉलेजांतून उत्तीर्ण झालेल्यांच्या वांट्यास अशा जागा मोजक्याच येत. अशा काळांत म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पुण्यास आले. १८८३ सालीं ते एल. सी. ई. च्या परीक्षेंत पहिले आले आणि १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत साहाय्यक इंजिनियर झाले.

त्यांच्या शिक्षणाचें चीज कसें झालें, हें पाहण्यास पुण्याबाहेर फार दूर जावें लागत नाहीं. पुण्यास पाणी पुरविणाऱ्या खडकवासल्याच्या तलावांत पावसाळ्यांत पूर येई आणि जास्तीचें पाणी सांडव्यावरून वाहून जाई. उन्हाळ्यांत मात्र तेंच पाणी अपुरें पडे. धरणाची भिंत उंच करणें खर्चाचें काम. विश्वेश्वरय्यांनीं भिंतीस हात न लावतां सांडव्यावर लोखंडी दारें बसविण्याची योजना केली. पाणी ठराविक पातळीपर्यंत येईतों दारें मिटलेलीं राहत. त्यावर पाणी चढूं लागलें कीं पाण्याच्याच जोरानें तीं उघडत, आणि पूर ओसरतांच पुन्हा मिटत. दाराशीं पहारेकरी नको कीं रात्रीबेरात्रीं कोणाचा हुकूम नको. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं बसविलेल्या या दारांमुळें तलावाची पातळी सुमारें ८ फूट वाढविणें शक्य झालें. दुय्यम अधिकारी तयार करण्यासाठीं काढलेल्या शाळेच्या विद्यार्थ्यानें योजनाच नवी काढली, हें यांतील मर्म आहे.

कॉलेजचा विस्तारहि याच सुमारास होत होता. शेती, वनविद्या व शास्त्रें यांचे वर्ग निघाल्यामुळें १८८० च्या सुमारास त्यास 'कॉलेज ऑफ सायन्स' असें नांव पडलें. पुढें शेतकीचें स्वतंत्र कॉलेज झालें, आणि १९११ सालीं या संस्थेस इंजिनियरिंग कॉलेज हें नांव मिळालें. परवान्याच्या जागीं बी. ई. ही पूर्ण पदवीहि आली. स्थापत्यामागून यंत्रशास्त्र, त्यामागून वीजशास्त्र, मग धातुशास्त्र आणि दूरसंदेशवहन असे विभाग एकामागून एक उघडत गेले. देशांत गिरण्या वाढल्या, विजेचे दिवे लागले, पोलादाचे कारखाने निघाले, रेडिओ आला. त्या प्रत्येक घटनेची खूण या कॉलेजच्या अभ्यासक्रमांत उमटलेली दिसते.

येथील शिक्षणाचें स्वरूप साध्या कॉलेजाहून निराळें आहे. फळ्यावरचें गणित कितीहि अचूक असो, लोखंडाचा तुकडा कानशीनें घांसून काटकोनांत आणतांना हाताला जें समजतें तें वहींत उतरत नाहीं. म्हणून सुतारकाम, लोहारकाम व ओतकाम यांच्या शाळा हें इंजिनियरिंग कॉलेजचें जुनें अंग आहे. दुर्बीण, पट्टी आणि सांखळी घेऊन उन्हांत जमीन मोजणें, तास न् तास वांकून नकाशे काढणें, हाहि त्याच शिस्तीचा भाग. आणि विसाव्याला शेजारचीच नदी. येथील बोट क्लब व त्याचा वार्षिक 'रेगॅटा' हे पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचे अंग झाले आहेत. सायंकाळीं मशालींच्या उजेडांत होड्यांच्या रचना पाहण्यास कांठावर गर्दी लोटते. अनेक होड्या एका वेळीं एका रेषेंत वळविणें हेंहि सहकार्याचें शिक्षणच आहे.

१९४९ सालीं पुणें विद्यापीठ निघालें व कॉलेजचा संबंध मुंबईऐवजीं त्याच्याशीं आला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत येथून निघालेल्या तीन विद्यार्थ्यांचीं नांवें पाहिलीं, तरी विद्येचें क्षेत्र किती रुंदावलें हें कळतें. माधवराव चितळे यांनीं जलव्यवस्थापनास आयुष्य वाहिलें आणि १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळविला. थॉमस कैलाथ अमेरिकेंत संदेश व नियंत्रण यांच्या शास्त्रांतील अग्रगण्य आचार्य झाले. बारामतीस जन्मलेले कुमार पटेल यांनीं १९६४ सालीं कर्बद्विप्राणिद वायूचा लेसर तयार केला. पोलादाचे पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत त्याचा उपयोग होतो. यांपैकीं दोघांचें कार्य परदेशीं घडलें, याची खंत कोणास वाटेल, आणि ती अगदींच अनाठायीं नाहीं. बी फुटण्यास येथील माती पुरली, पण वाढीस लागणाऱ्या प्रयोगशाळा व मोकळीक त्या काळीं त्यांना तिकडे मिळाली.

मोकळिकीचा हा प्रश्न पुढें संस्थेपुढेंहि आला. जोडलेल्या कॉलेजास आपल्या अभ्यासक्रमांतील एक विषय बदलावयाचा झाला, तरी त्याच विषयाच्या इतर सर्व कॉलेजांबरोबर पाऊल टाकावें लागतें. शास्त्र वर्षावर्षानें पुढें जातें. अभ्यासक्रम मात्र मंडळांच्या बैठकांची वाट पाहतो. २००३ सालीं कॉलेजास स्वायत्तता मिळाली, तेव्हां अभ्यासक्रम व परीक्षा त्याच्या हातीं आल्या. पदवी मात्र विद्यापीठाचीच राहिली.

या स्वायत्ततेच्या काळांतील एक काम विशेष सांगण्यासारखें आहे. येथील विद्यार्थ्यांनीं 'स्वयम्' नांवाचा एक उपग्रह तयार केला. त्याचें वजन एक किलोग्रॅमहूनहि थोडें कमी आणि आकार वीतभरहि नाहीं. त्याला दिशा राखण्यासाठीं मोटार नाहीं कीं इंधन नाहीं. होकायंत्राच्या सुईप्रमाणें आंतील चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशीं जुळतें आणि उपग्रह आपोआप स्थिर होतो. २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या अग्निबाणानें जे २० उपग्रह एकाच वेळीं नेले, त्यांत हा होता. रेडिओद्वारां छोटे संदेश घेऊन ते दुसऱ्या ठिकाणीं पोंचविणें, हें त्याचें काम. एकीची पदवी हातीं पडून विद्यार्थी बाहेर जावेत आणि काम पुढच्या तुकडीनें उचलावें, असें करीत तें कित्येक वर्षें चाललें होतें.

शेवटीं २०२२ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें केलेल्या कायद्यानें कॉलेज स्वतंत्र, सरकारी तंत्रज्ञान विद्यापीठ झालें. १८५४ पासून मोजलें तर यास १६८ वर्षें लागलीं. आतां शिकविणारा, परीक्षा घेणारा आणि पदवी देणारा हे तिन्ही एकाच छपराखालीं आहेत. यांत जसा मान आहे तसा धोकाहि आहे. पूर्वीं निकाल खालावला तर दोष मुंबईच्या किंवा गणेशखिंडीच्या परीक्षकांवर ढकलतां येई. आतां तशी सोय उरलेली नाहीं. आपल्याच विद्यार्थ्याची परीक्षा आपणच घेणारा गुरु मायाळू झाला, तर पदवीची किंमत उतरण्यास फार दिवस लागत नाहींत, आणि पूल कोणाची भीड ओळखीत नाहीं. खडकवासल्याचीं दारें हुकुमाची वाट न पाहतां उघडत, पण पातळी अचूक मोजलेली होती म्हणूनच. ही पातळी अचूक मोजण्याचें काम आतां या संस्थेनें स्वतः करावयाचें आहे.