जुनी डिझेल मोटार घेताना : हिशेब, ऐब आणि कागदपत्रे

खानदेशातील आपल्या बांधवांचा व्यापार बराचसा फिरतीचा आहे. मण्यार बांधव बांगड्यांची पेटी घेऊन गावोगावच्या बाजारांना जातात. बागवान बांधवांना रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जावे लागते. धुळ्याचा यंत्रमागवाला सुतासाठी मालेगावला खेपा घालतो. पूर्वी हे सारे एस.टी.च्या टपावर किंवा मोटारसायकलवर होत असे. आता घरची माणसेही नेता येतील आणि मागची सीट पाडून चार गाठोडीही टाकता येतील, अशी छोटी डिझेल मोटार आपल्याकडे असावी असे अनेकांना वाटते. नवी घेण्याची ऐपत नसते, म्हणून जुनी पाहिली जाते. या खरेदीत दोन-तीन लाख रुपये जातात आणि बहुतेक वेळा ते धंद्याच्या भांडवलातूनच निघतात. गाडी खराब निघाली तर दुकानातला माल कमी होतो. म्हणूनच या विषयावर सविस्तर लिहिण्याचे आम्ही ठरविले.

बाजारात कोणत्या गाड्या आहेत?

छोट्या डिझेल मोटारींचा खरा जमाना टाटा इंडिकापासून सुरू झाला. ही गाडी डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली. पुढे जानेवारी २००७ मध्ये मारुती स्विफ्टला १२४८ सी.सी.चे डिझेल इंजिन मिळाले. हे इंजिन मूळ फियाट कंपनीच्या रचनेचे. तेच थोड्याफार फरकाने रिट्झ, इंडिका व्हिस्टा आणि फियाटच्या पुंटोमध्येही आले. त्यामुळे त्याची माहिती असलेले मिस्त्री आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. ह्युंदाई आय-२०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो याही डिझेलमध्ये पुष्कळ खपल्या.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, डिझेल मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रणात राहिले. त्या चार वर्षांत दोन्ही इंधनांच्या दरात मोठी तफावत होती आणि लोकांनी डिझेल गाड्या भरभरून घेतल्या. आज जुन्या बाजारात दिसणारा बराच माल त्या काळातला आहे. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष देशभर लागू झाले. छोट्या डिझेल गाड्या महाग पडू लागल्या आणि मारुतीने तर डिझेल गाड्या बनविणेच थांबविले. त्यानंतर टाटा अल्ट्रोजसारखे मोजकेच नमुने डिझेलमध्ये निघाले. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. फिगो घेणाऱ्याने सुटे भाग कोठे मिळतील याची आधी चौकशी करावी.

आधी वहीत हिशेब मांडा

डिझेल स्वस्त पडते हे सरसकट खरे नाही. गाडी महिन्याला किती चालते, यावर ते अवलंबून आहे. समजा, पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर आहे. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ७ रुपये आणि डिझेलचे ४ रुपये ६० पैसे झाले. बचत २ रुपये ४० पैशांची.

आता समजा, डिझेल गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ६० हजारांनी महाग मिळते. महिना ५०० किलोमीटर चालविणाऱ्याची वर्षाला १४ हजार ४०० रुपये बचत होईल. फिल्टर, इंजेक्टर वगैरेंचा जादा खर्च वर्षाला ८ हजार धरला तर हाती ६ हजार ४०० उरतात. ६० हजार वसूल व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल, तोवर गाडीच राहणार नाही. महिना १५०० किलोमीटर चालविणाऱ्याची मात्र वर्षाला ४३ हजार २०० रुपये बचत होते. जादा खर्च १२ हजार धरला तरी दोन वर्षांच्या आत पैसे फिटतात. दर आणि किमती आपापल्या टाकाव्यात, रीत हीच. ज्याची गाडी शुक्रवारी जामा मशिदीपर्यंत आणि महिन्यातून एकदा सासुरवाडीला जाते, त्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

बीएस-६ गाडीबाबत आणखी एक गोष्ट. तिच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून महामार्गावर सलग पळावी लागते. रोज गल्लीबोळात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची ही जाळी तुंबते आणि तिचा खर्च जड जातो.

गाडी कशी तपासावी?

सकाळी लवकर जावे आणि बॉनेटला हात लावून पाहावा. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. थंड इंजिन कसे सुरू होते, यातच निम्मी परीक्षा होते.

धूर पाहावा. सुरू होताना किंचित धूर आला आणि गेला तर हरकत नाही. काळा धूर येतच राहिला तर इंजेक्टर किंवा हवेच्या मार्गात दोष असू शकतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. त्यात रिंगा किंवा टर्बो गेल्याची शक्यता असते. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही राहिला तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण जपून उघडावे. तेथून भकाभका धूर उसळत असेल तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो आजार आहे. अशा इंजिनाला आज ना उद्या काम निघणार. डिझेल गाडीचे ऑईल काळे दिसतेच, त्याने घाबरू नये. ते दुधाळ दिसले तर मात्र त्यात पाणी मिसळते आहे असे समजावे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तरी तोच संशय. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून दुपारच्या उन्हात ए.सी. लावून गाडी वीस मिनिटे उभी चालू ठेवावी. काटा वर चढत असेल किंवा पंखा लागत नसेल, तर ती गाडी खानदेशात कामाची नाही.

क्लच पाहण्यासाठी मोकळ्या जागी हँडब्रेक ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. घरघरत चालूच राहिले तर प्लेट झिजली आहे. त्यानंतर धुळेकरांनी लळिंगच्या चढावर आणि जळगावकरांनी पाळधी-एरंडोलच्या दिशेने महामार्गावर गाडी पळवून पाहावी. चढावर दम लागत असेल किंवा टर्बोची कर्कश शिट्टी येत असेल तर मिस्त्रीला दाखविल्याशिवाय पुढे बोलू नये. ज्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, त्याचा बेल्ट केव्हा बदलला हेही विचारावे. तो तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होते.

मीटरवरील आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरविता येतो. सर्व्हिसची जुनी बिले मागावीत. मीटर ६० हजार दाखवते आणि क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंग चकाकते आहे, असे असेल तर खरा आकडा फार मोठा आहे. इंडिका टॅक्सीतही पुष्कळ चालल्या, म्हणून पूर्वीची नोंदणी पाहावी. बॉनेटच्या नटबोल्टांवर पान्याच्या खुणा, दरवाजांच्या फटी कमी-जास्त आणि स्टेपनीखालच्या पत्र्यावर वेल्डिंग असेल तर अपघात झालेला आहे. गालिचा उचलून पाहावा. खाली गाळ आणि सीटच्या पट्ट्यांना गंज असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे. २०१५ मध्ये चेन्नईत आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पुराने असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, हे ध्यानात असावे.

मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याने सुचविलेला नव्हे. त्याला त्याची मजुरी द्यावी आणि सौदा झाला वा न झाला तरी द्यावी. म्हणजे तो मोकळेपणाने बोलेल.

कागदपत्रांत चूक नको

इंजिन व चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की मालकी, विमा आणि नोंदणीची मुदत दिसते. थकलेली चलनेही पाहून घ्यावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविली आहे का, तेही पाहावे.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाली आणि पर्यावरण कर वेगळा. भाव करताना हा खर्च वजा करावा.

आपल्या अनेक कुटुंबांचे नातेसंबंध सुरतेला आणि बऱ्हाणपूरला आहेत. तेथून स्वस्तात गाडी मिळते म्हणून लोक आणतात. दिल्लीकडूनही गाड्या येतात. दिल्ली व परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले, त्यामुळे तेथे भाव पडले. परंतु परराज्यातील गाडीला मूळ आरटीओचे नाहरकत पत्र (फॉर्म २८) लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि एमएच-१८ किंवा एमएच-१९ चा नवा नंबर घ्यावा लागतो. हे सारे धरून गाडी स्वस्त पडते का, ते पाहावे.

नाव बदलणे टाळू नका

आपल्याकडे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन कागद कपाटात ठेवण्याची वाईट सवय आहे. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे लागते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. तसे न केल्यास आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो.

विकणाऱ्याचा धोका तर याहून मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका खटल्यात निर्णय दिला. त्यात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, आरसी मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. अपघात झाला, तेव्हा भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचे नाव त्याची, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे पारोळ्याच्या एखाद्या दुकानदाराने तीन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीने आज कोणाचा जीव घेतला, तर भरपाईसाठी त्याचे दुकान आणि घर पणाला लागू शकते. नाव बदलून घ्या आणि नव्या आरसीची नक्कल आपल्याजवळ ठेवा.

पैसा आणि शरीअत

व्याजाच्या कर्जावर गाडी घेणे आपल्याला जायज नाही. मग मार्ग काय? घरची बचत, बिनव्याजी पतपेढी किंवा नातेवाइकांचे कर्ज-ए-हसना. विकणाऱ्याने हप्त्याने देणेही चालते. रोखीपेक्षा उधारीचा भाव जास्त ठेवला तरी अडचण नाही, मात्र सौद्याच्या वेळी एकच किंमत ठरली पाहिजे आणि हप्ता चुकला म्हणून ती वाढता कामा नये. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास २०१७ पासून प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो. पैसे बँकेतून द्यावेत, पुरावाही राहतो.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि दोन साक्षीदार करण्याची शिकवण आहे. आपण तो भाऊबंदकीत लिहीत नाही आणि मग भाऊबंदकीच तुटते. करारात किंमत, ताबा देण्याची तारीख व वेळ आणि गाडीचे माहीत असलेले दोष लिहावेत. हनफी फिकहमध्ये तीन दिवसांपर्यंत सौदा परत करण्याची मुभा अटीने ठेवता येते. तीही लिहून घ्यावी आणि त्या तीन दिवसांत मिस्त्रीची तपासणी उरकावी.

विकणाऱ्या बांधवांनाही एक विनंती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, म्हणजे लोकांना तो दिसला असता. मीटर मागे फिरविणे, गळके इंजिन धुऊन-पुसून दाखविणे, जाड ऑईल घालून धूर दाबणे हा त्या ओल्या धान्याचाच प्रकार आहे. ऐब सांगून विकल्याने दहा हजार कमी येतील. पण घेणाऱ्याच्या घरात त्या गाडीवर लेकरे बसणार आहेत, त्याची रोजी त्यावर चालणार आहे. ऐब लपवून मिळविलेल्या त्या दहा हजारांत बरकत नाही.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि सुखरूप प्रवास देवो.